कथा तुकोगंजात लिहिली, छापायला कुठे द्यायची?

इंदूरच्या दक्षिण तुकोगंजातून रवींद्रनाथ टागोर मार्गावर आलं की श्री मध्यभारत हिंदी साहित्य समितीची वास्तू लागते. ही समिती १९२७ पासून 'वीणा' हे हिंदी मासिक काढते. हिंदीत लिहू लागलेल्या इथल्या मुलाला पहिली कविता घेऊन कोणत्या दारात जायचं हे कुणी सांगावं लागत नाही. त्याच रस्त्यावरून रोज कॉलेजला जाणाऱ्या, घरात मराठी बोलणाऱ्या आणि मराठीतच लिहू पाहणाऱ्या मुलीचं काय?

इंदूरला मराठी वाचक कमी नाहीत. रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर इथल्या घरांत अजून मराठी पुस्तकं येतात, मराठी नाटकाला प्रेक्षागृह भरतं. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन या शहरात तीनदा भरलं : १९१७ साली गणेश जनार्दन आगाशे, १९३५ साली औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आणि २००१ साली विजया राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली. तरी ही मुलगी कविता लिहिते, पुण्या-मुंबईच्या एका नावाजलेल्या मासिकाकडे ईमेलने धाडते, आणि पुढे चार महिने काहीच घडत नाही. पोच नाही, नकार नाही. मग ती दोनपैकी एक समजूत करून घेते. एक तर आपली कविता टाकाऊ आहे, नाहीतर तिथे ओळखी लागतात.

बहुतेक वेळा यांतलं एकही कारण खरं नसतं. खरं कारण अंक तयार होण्याच्या रीतीत असतं. ती रीत एकदा समजली की कुठे, काय आणि केव्हा पाठवायचं हे बरंचसं आपोआप उलगडतं.

चौसष्ट पानांचा हिशेब

मासिक छापलं जातं ते सुट्या पानांनी नाही, फर्म्यांनी. मोठ्या कागदावर दोन्ही बाजूंनी पानं छापून तो दुमडला की साधारणपणे सोळा पानांचा एक फर्मा होतो. चार फर्मे म्हणजे चौसष्ट पानं. संपादकाला एखादी कथा फार आवडली म्हणून पासष्टावं पान घालता येत नाही. वाढवायचं तर चार, आठ किंवा सोळा पानं एकदम वाढतात. त्याबरोबर कागदाचा खर्च वाढतो आणि अंकाचं वजनही वाढतं. अंक टपालाने जात असेल तर वजनाचा हिशेब पुन्हा वेगळा.

आता एका चौसष्ट पानी वाङ्मयीन मासिकाचा अंक मनाने भरून पाहू. अनुक्रमणिका आणि संपादकीयाला चार पानं. जाहिरातींना चार, त्यांच्याशिवाय छपाईचं बिल भागत नाही. प्रत्येकी आठ पानांचे तीन लेख, म्हणजे चोवीस. पुस्तक परीक्षणं आठ पानं, दोन सदरं सहा, वाचकांची पत्रं दोन. बेरीज अठ्ठेचाळीस. उरली सोळा पानं. त्यांत सहा-सहा पानांच्या दोन कथा घेतल्या की कवितांसाठी चार पानं राहतात.

दोन कथांपैकी एक बहुतेक वेळा आधीच मागवलेली असते. म्हणजे अनोळखी लेखकासाठी महिन्याला एका कथेची जागा, वर्षाला बारा. पानावर चारशे शब्द बसतात असं धरलं तर सहा पानांत २,४०० शब्द मावतात. नव्या लेखिकेने सहा हजार शब्दांची कथा पाठवली तर तिला पंधरा पानं लागतील, म्हणजे कथा-कवितांची जवळजवळ सगळी जागा. ती कथा उत्तम असली तरी संपादकाला ती घेण्यासाठी बाकी सगळ्यांना बाहेर ठेवावं लागेल. सुरुवातीला दोन-अडीच हजार शब्दांची कथा पाठवा, असं जाणते लोक सांगतात त्याचं कारण हे आहे. कलेचा त्याच्याशी संबंध नाही.

जागेइतकाच मेळही महत्त्वाचा असतो. अंक म्हणजे वाढलेलं ताट. डाव्या बाजूला दोन चटण्या आल्या असतील तर तिसरी कितीही चवदार असो, ती वाढली जात नाही. आईच्या आठवणीवरच्या दोन कविता आधीच लागल्या असतील तर तुमची तिसरी थांबते किंवा परत येते. तुमच्या कवितेत काय कमी होतं, याचं उत्तर त्या नकारात शोधत बसलात तर सापडणार नाही, कारण ते तिथे नसतंच.

आणि वेळ. मार्चचा अंक मार्चमध्ये तयार होत नाही. निवड, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, चित्रं, छपाई, बांधणी, टपाल या साखळीमुळे मासिकाचा मजकूर निदान दीड-दोन महिने आधी ठरतो. त्रैमासिकाचा त्याहून आधी. होळीवरची कविता होळीच्या आठवड्यात पाठवली तर ती पुढच्या वर्षीच्या होळीसाठीही कुणी जपून ठेवत नाही.

बहुतेक वाङ्मयीन मासिकांना पगारी कर्मचारी नसतात, हेही ध्यानात ठेवावं. संपादक नोकरी सांभाळून किंवा निवृत्तीनंतर हे काम करतात. आलेलं साहित्य रात्री जेवणानंतर वाचलं जातं. चार महिन्यांच्या शांततेचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो की अजून वाचलेलं नाही.

नियतकालिक आधी, पुस्तक मागाहून

नव्या लेखकाला वाटतं, एकदा पुस्तक निघालं की झालं. मराठी कवितेचा इतिहास पाहिला तर क्रम उलटा दिसतो, आणि त्याचे ठळक दाखले खुद्द माळव्यातच आहेत.

भास्कर रामचंद्र तांबे यांचा जन्म १८७३ सालचा. देवास, इंदूर, ग्वाल्हेर या संस्थानांच्या मुलुखातच त्यांचं आयुष्य गेलं, ग्वाल्हेरचे ते राजकवी झाले. पुण्या-मुंबईत न राहताही त्यांची कविता महाराष्ट्रभर गायली गेली. त्यांचा पहिला संग्रह वा. गो. मायदेव यांनी काढला १९२० साली, तेव्हा तांबे सत्तेचाळिशीचे होते. समग्र कविता माधव जूलियन यांनी १९३५ मध्ये संपादित केली. कवितेचा प्रवास पुस्तकाच्या कितीतरी आधी सुरू झाला होता.

केशवसुतांची गोष्ट याहून बोलकी आहे. ते १९०५ साली गेले आणि त्यांच्या कवितांचं पुस्तक १९१७ मध्ये, हरिभाऊ आपट्यांच्या खटपटीने आलं. त्याआधी ती कविता वाचकांपर्यंत पोचली ती 'करमणूक' आणि 'काव्यरत्नावली' यांसारख्या नियतकालिकांतून. 'काव्यरत्नावली' हे फक्त कवितेला वाहिलेलं मासिक नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ साली काढलं, आणि तेही पुण्यात किंवा मुंबईत नाही, जळगावात. मराठी कवितेच्या एका मोठ्या वळणाला जागा दिली ती खानदेशातल्या एका संपादकाने. दूरच्या गावात राहणाऱ्या नव्या कवीने हे नाव पाठ करून ठेवावं, असं मला मनापासून वाटतं.

मग मुक्तिबोध बंधू. दोघांची घरची भाषा मराठी. थोरले गजानन माधव इंदूरच्या होळकर कॉलेजात शिकले, हिंदीत लिहिते झाले, आणि १९४३ च्या 'तार सप्तक'मधल्या सात कवींत त्यांचा समावेश झाला. पण त्यांचा पहिला स्वतंत्र कवितासंग्रह १९६४ साली आला. त्याच वर्षी सप्टेंबरात ते वारले, छापलेलं पुस्तक त्यांनी पाहिलंच नाही. तोवरची सगळी वर्षं त्यांची कविता मासिकं आणि संपादित संग्रह यांच्या आधाराने वाचकांत वावरत होती. धाकटे शरच्चंद्र १९२१ साली इंदूरला जन्मले आणि मराठीत राहिले. 'नवी मळवाट' हा त्यांचा संग्रह १९४९ चा, आणि 'क्षिप्रा' ही कादंबरी तर नावापासूनच माळव्याची. एकाच घरातल्या दोघांनी दोन भाषा निवडल्या आणि दोघांनाही आपापले वाचक मिळाले. तुकोगंजातल्या मुलीने दोन्ही भाषांत लिहिलं तरी काही बिघडत नाही. फक्त हिंदीत छापणं सोपं जातं म्हणून मराठी सोडू नये, इतकीच माझी विनंती आहे.

जवळून लांब

पहिलं वर्तुळ शहराचंच. महाराष्ट्र साहित्य सभा ही इंदूरची जुनी संस्था, तिचा शारदोत्सव ठरलेला. अशा संस्थांच्या काव्यवाचनाला जावं, आधी श्रोता म्हणून, मग नाव देऊन. मोठ्याने वाचताना कवितेतली पडकी ओळ तोंडालाच अडखळते, ती कागदावर दिसत नाही. 'श्री सर्वोत्तम' हे इंदूरहून निघणारं मराठी मासिक आहे. गणेशोत्सव मंडळांच्या आणि समाजांच्या स्मरणिका असतात. स्मरणिकेत छापून येणं काहींना कमीपणाचं वाटतं, पण तिथले वाचक तुमचे शेजारी असतात, आणि ते भेटल्यावर थेट सांगतात.

दुसरं वर्तुळ महाराष्ट्राबाहेरच्या मराठीचं. अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळात पुणे, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या चार घटक संस्थांबरोबर बाहेरच्या संस्थाही सामील आहेत. भोपाळचा मध्य प्रदेश मराठी साहित्य संघ त्यांपैकी एक. भोपाळलाच मध्य प्रदेश शासनाच्या संस्कृती परिषदेखाली मराठी साहित्य अकादमी आहे. हैदराबादच्या मराठी साहित्य परिषदेचं 'पंचधारा' त्रैमासिक आहे. बडोद्याचं उदाहरण जुनं असलं तरी विसरण्यासारखं नाही. पुरुषोत्तम आत्माराम चित्रे आणि विमलताई चित्रे यांनी १९४३ साली तिथून 'अभिरुची' काढलं आणि त्या काळच्या नव्या लेखनाचं ते हक्काचं घर झालं. पुढे त्यांचाच मुलगा, दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांच्यासह 'शब्द' काढू लागला. हे चक्रमुद्रित अनियतकालिक १९५४-५५ मधलं. प्रस्थापित मासिकांत जागा नाही तर आपणच अंक काढू, ही साठोत्तरी लेखकांची वाट तिथून रुंदावत गेली. चार मित्रांनी मिळून काढलेला सोळा पानांचा अंक आजही काढता येतो, म्हणजे बरोबर एक फर्मा.

तिसरं वर्तुळ महाराष्ट्रातल्या मासिकांचं. इथे नावांची यादी पाठ करून भागत नाही, प्रत्येकाचा पिंड ओळखावा लागतो. 'कविता-रती' पुरुषोत्तम पाटलांनी १९८५ साली धुळ्यात सुरू केलं, ते कविता आणि कवितेविषयीचं लेखन यांनाच वाहिलेलं आहे. तिथे कथा पाठवणं म्हणजे टपालाचा अपव्यय. 'साधना' साप्ताहिक साने गुरुजींनी १९४८ साली काढलं. त्याचा जीव सामाजिक-राजकीय लेखनात आहे. 'अनुष्टुभ्', 'मुक्त शब्द' यांचा वाचक समकालीन वाङ्मयीन चर्चा वाचणारा. विदर्भ साहित्य संघाचं 'युगवाणी', मराठवाडा साहित्य परिषदेचं 'प्रतिष्ठान', पुण्याच्या परिषदेची 'महाराष्ट्र साहित्य पत्रिका' ही संस्थांची मुखपत्रं, त्यांत समीक्षेचा वाटा मोठा. मुलांसाठी लिहीत असाल तर बालभारतीचं 'किशोर', १९७१ पासूनचं.

पिंड ओळखायचा कसा? त्या मासिकाचे निदान तीन अंक वाचून. वाचनालयात मिळाले तर उत्तम, नाहीतर एका वर्षाची वर्गणी भरावी. वाचताना फक्त आवडलं-नावडलं न पाहता मोजावं : कथा सरासरी किती पानांची? अनोळखी नावं किती? एका कवीच्या एक कविता लावतात की तीन-चार? मुक्तछंद आहे की वृत्तबद्ध रचनेलाही जागा आहे? एवढं तपासायला एक दुपार पुरते आणि चुकीच्या दारात घालवलेलं वर्ष वाचतं. अंक अजून निघतो आहे ना, हेही पाहावं. वाङ्मयीन मासिकं गाजावाजा न करता थांबतात. ज्या 'सत्यकथे'त छापून येणं हे एका पिढीचं स्वप्न होतं, तीही १९३३ ते १९८२ एवढीच चालली.

इंटरनेटवरचे मराठी मंच हा चौथा मार्ग. 'मायबोली' १९९६ पासून आहे, 'प्रतिलिपी'सारख्या ठिकाणी कुणीही लिहून प्रसिद्ध करू शकतं. तिथे फर्मा नाही, पानांची मर्यादा नाही, प्रतिक्रिया त्याच दिवशी. पण निवडणारा संपादकही बहुतेक ठिकाणी नसतो. शिवाय एक अडचण अनेकांना उशिरा कळते. छापील मासिकांचे बरेच संपादक अशा ठिकाणी किंवा फेसबुकवर टाकलेली कविता 'पूर्वप्रसिद्ध' मानतात आणि घेत नाहीत. आधी ठरवावं कोणती कविता कुठे जाईल, मग टाकावी.

दिवाळी अंकाचं घड्याळ

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तो मराठीतला पहिला मानतात. आज दर दिवाळीला शेकडो अंक निघतात. इतकी पानं एकाच महिन्यात कथा-कवितांना मोकळी होतात, असं भारतात फार थोड्या भाषांत घडतं. नवोदितासाठी ही वर्षातली सर्वांत मोठी संधी, आणि बहुतेकांची ती तारखेपायी हुकते.

दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात. अंक बाजारात यायला हवा त्याच्या दोन-तीन आठवडे आधी, म्हणजे छपाई सप्टेंबरात. अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन ऑगस्टात. म्हणून निवड जून-जुलैतच होते, आणि नावाजलेल्या लेखकांना पत्रं तर उन्हाळ्यातच गेलेली असतात. गणपतीत कथा लिहायला बसून ती दिवाळी अंकाला पाठवणारे पुष्कळ असतात. ती कथा पोचते तेव्हा फर्मे यंत्रावर चढलेले असतात. एप्रिलमध्ये लिहावं, मेअखेर पाठवावं.

मोठ्या अंकांचा भर मागवलेल्या लेखनावर असतो. जिल्ह्याच्या गावांतून, एखाद्या शिक्षकाने किंवा वाचनालयाने काढलेले छोटे अंक मात्र नवं नाव शोधत असतात. दिवाळीनंतर वाचनालयात या अंकांचा गठ्ठा घेऊन बसावं आणि मागच्या-पुढच्या पानांवरचे संपादकीय पत्ते वहीत उतरवून घ्यावेत. पुढच्या मे महिन्यात तीच वही कामाला येते. काही अंक कथास्पर्धा घेतात. स्पर्धेत परीक्षकांपुढे शक्यतो नाव जात नाही, हा नव्या लेखकाचा फायदा.

┌──────────────
चौकट : पाकिटात काय असावं

कथा एक. कविता तीन ते पाच, प्रत्येक वेगळ्या पानावर.

मजकूर युनिकोडमध्ये. वर्ड फाइल आणि सोबत पीडीएफ, म्हणजे ओळी जिथे तुटायला हव्या तिथेच तुटलेल्या दिसतात. मोबाइलवर काढलेला वहीचा फोटो पाठवू नये.

कवितेच्या ओळी फार लांब असतील तर अरुंद स्तंभात त्या मोडतील. कुठे मोडलेल्या चालतील ते लिहावं.

शेवटी नाव, पत्ता, फोन. परिचय दोन ओळींचा.

पत्राचा नमुना :
'सप्रेम नमस्कार. "खालचा मजला" ही सुमारे २,२०० शब्दांची कथा सोबत जोडली आहे. ती यापूर्वी कुठेही प्रसिद्ध झालेली नाही आणि सध्या इतरत्र पाठवलेली नाही. मी इंदूरला राहते. कथेतल्या संवादांची भाषा इथल्या मराठी घरांतली आहे, ती मुद्दाम तशी ठेवली आहे. आपला निर्णय कळवावा ही विनंती.'
└──────────────

नमुन्यातलं संवादांविषयीचं वाक्य इंदूरकरांनी गाळू नये. आपल्या घरात 'तो येऊन राहिला आहे' असं सहज म्हटलं जातं. पुण्यातला मुद्रितशोधक कामात काटेकोर असेल तर ते 'तो येतो आहे' करून टाकेल, आणि पात्राच्या तोंडची माती झटकली जाईल. आधी सांगून ठेवलं की तो हात आवरतो. निवेदनाची मराठी मात्र चोख हवी. निवेदनातही तीच सरमिसळ असली तर संपादकाला ती योजलेली आहे की निसटलेली, हे ओळखता येत नाही.

साभार परत, आणि त्याहून वाईट शांतता

पूर्वी नकार टपालाने यायचा, 'साभार परत' असा शिक्का घेऊन. त्यासाठी परतीचं तिकीट लावलेलं पाकीट लेखकच जोडून पाठवत असे. 'सत्यकथे'चे राम पटवर्धन तर परत केलेल्या कथेसोबत ती कुठे सैल पडली हे सविस्तर कळवणारे संपादक म्हणून ओळखले जात. पुनर्लेखन करून पाठवा असं पत्र आलं तर तो नकार समजू नये. वेळ नसलेल्या माणसाने तुमच्यासाठी वेळ काढला आहे. अशी पत्रं आजही येतात, पण क्वचित, आणि ज्यांना येतात त्यांतले कितीतरी जण रागावून कथा दुसरीकडे पाठवून देतात. निदान एकदा तरी ती सूचना मानून लिहून पाहावं.

ईमेलच्या काळात नकाराची जागा शांततेने घेतली आहे. मासिकाला तीन महिने द्यावेत, त्रैमासिकाला पाच-सहा. मग दोन ओळींची विनम्र विचारणा. त्यालाही उत्तर नाही आलं तर 'कथा मागे घेत आहे' असं कळवून ती दुसऱ्याला पाठवावी. तेच साहित्य एका वेळी चार ठिकाणी पाठवण्याची रीत मराठीत रुळलेली नाही. दोन अंकांत एकच कविता छापून आली तर दोन्ही संपादक दुखावतात, आणि हे क्षेत्र लहान आहे. वेगवेगळ्या कविता वेगवेगळ्या ठिकाणी पाठवायला मात्र काहीच हरकत नाही. एक वही करावी : काय, कुठे, कोणत्या तारखेला पाठवलं, काय कळलं. दहा-बारा कविता एकाच वेळी बाहेर फिरत असल्या की एका नकाराने माणूस कोसळत नाही.

पैसे कुणी कुणाला द्यायचे?

वाङ्मयीन मासिकं मानधन देतात ते थोडं, कित्येक देऊही शकत नाहीत, लेखक-प्रत मात्र मिळते. इथवर ठीक आहे. पण नव्या कवीला लवकरच वेगळा निरोप येतो : 'राज्यस्तरीय प्रातिनिधिक कवितासंग्रहासाठी आपली निवड झाली आहे. सहभाग शुल्क भरावं, सन्मानपत्र आणि दोन प्रती मिळतील.'

हा व्यवहार कसा चालतो ते समजून घ्यावं. अशा पुस्तकाचा छपाईखर्च कवींच्याच शुल्कातून निघतो. पुस्तक विकलं जावं याची प्रकाशकाला गरज उरत नाही, म्हणून निवड करण्याचीही गरज उरत नाही. शुल्क भरेल त्याची कविता लागते. वाचक असतात ते त्या संग्रहातले इतर कवी आणि त्यांचे नातेवाईक. यात बेकायदा काही नाही, आणि एखाद्याला आजी-आजोबांना दाखवायला छापील पान हवं असेल तर त्याने जरूर घ्यावं. माझं मत विचाराल तर त्या पैशांत दोन मासिकांची वर्षाची वर्गणी भरावी. कविता सुधारेल ती त्याने. वर्गणीदारालाच लेखक करणारी मासिकंही असतात. वर्गणी भरल्यानंतर वाचून निवड होते की वर्गणीवरच निवड होते, एवढं पाहिलं की फरक कळतो.

कविता छापली, मग ती कुणाची?

तुमचीच. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लिहिल्याक्षणी हक्क लेखकाचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. तो लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. मासिकाने कविता छापली म्हणून हक्क मासिकाकडे जात नाही. हक्काचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी व्हावं लागतं. त्या करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरता. हक्क घेऊन प्रकाशकाने वर्षभर काहीच केलं नाही, आणि करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर तो हस्तांतरित हक्क संपुष्टात येतो.

म्हणून स्पर्धेच्या किंवा संग्रहाच्या अर्जावर 'सर्व हक्क आयोजकांकडे राहतील' अशी ओळ दिसली तर सही करण्याआधी थांबावं. त्याऐवजी 'एकदा छापण्याची परवानगी' असं लिहून द्यावं, बहुतेक आयोजक ते मान्य करतात. अंकात आलेल्या कविता पुढे संग्रहात घेताना त्या अंकाचं नाव आणि महिना ऋणनिर्देशात द्यावा. त्यासाठीही ती वही लागते.

अशा तीस-चाळीस कविता निरनिराळ्या संपादकांच्या हातून गेल्या की पुस्तकाचा विचार करावा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठीच आहे, साहित्य अकादमीची 'नवोदय' मालिकाही तरुण लेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी. रहिवास, वय, पानं यांच्या अटी जाहिरातीत असतात, त्या वाचूनच अर्ज करावा. स्वखर्चाने पुस्तक काढायचं ठरवलं तर आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, त्यासाठी कुणी वेगळे पैसे मागितले तर देऊ नयेत. आणि छपाईला जाण्याआधी शेवटचं मुद्रित स्वतः वाचावं, शक्य तर कुणाला तरी मोठ्याने वाचायला लावून, आपण हस्तलिखितावर बोट ठेवून.